आधी घडी, मग कात्री

परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, मला यीस्टचा टी-आरएनए दिलाय. कुठलं एन्झाइम त्याला कुठे धरतं ते शोधायचंय. सोपं वाटतंय." मी हूं म्हटलं आणि विषय बदलला. सोपं वाटण्याचे दिवस थोडेच असतात, ते कशाला मोडायचे? पण आता लिहून देते. ही वही प्रयोगशाळेत नेऊ नकोस, फिनॉल सांडेल. घरी उशाशी ठेव.

यातलं निम्मं माझं नाही. आमच्याकडे एक काका होते. हुद्दा तंत्रज्ञाचा, शिक्षण बी.एस्सी., पण जेलची फिल्म उजेडाकडे धरून "हा नमुना बर्फाबाहेर राहिला होता" असं सांगायचे आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. त्यांच्या वडिलांचं शिंप्याचं दुकान होतं. टी-आरएनएच्या एन्झाइमांबद्दल त्यांचं एकच सांगणं: आधी घडी, मग कात्री. पहिली दोन वर्षं मला ते नुसतं चटकदार वाक्य वाटलं.

टी-आरएनए म्हणजे पंच्याहत्तर-ऐंशी अक्षरांचा धागा. कागदावर आपण त्याचं तिपानी चित्र काढतो: वर देठ, दोन बाजूंना दोन फास, खाली तिसरा फास आणि त्याच्या तळाशी प्रतिसंकेताची तीन अक्षरं. चित्र सोयीचं आहे, पण कुठल्याही एन्झाइमाने ते कधी पाहिलेलं नाही. खरा रेणू इंग्रजी 'एल'सारखा काटकोनात वळलेला असतो. १९७४ च्या सुमारास एमआयटीत आणि केंब्रिजमध्ये तो नीट दिसला, तोही यीस्टच्याच फेनिलअ‍ॅलनीन टी-आरएनएच्या स्फटिकांत. बाजूचे दोन फास एकमेकांत गुंततात आणि कोपर तयार होतं. एका टोकाला अमिनो आम्ल चढतं, दुसऱ्या टोकाला प्रतिसंकेत, आणि या दोन टोकांत साधारण ७५ अँगस्ट्रॉमचं अंतर. तुझी बहुतेक एन्झाइमं हे कोपर, ही लांबी आणि हा काटकोन चाचपतात. अक्षरं वाचणारी थोडी, आणि तीही मोजकीच अक्षरं वाचतात.

म्हणून फ्रीझरमधून काढलेला आरएनए वितळला की थेट एन्झाइमावर ओतायचा नाही. आधी मॅग्नेशियम नसलेल्या बफरमध्ये ८० अंशांना दोन मिनिटं ठेव, सावकाश निवू दे, आणि निवल्यावरच मॅग्नेशियम घाल. क्रम उलटा करू नकोस. गरम असताना मॅग्नेशियम घातलंस तर ते आरएनएचे तुकडे करायला लागतं आणि तू ते तुकडे एन्झाइमाच्या नावावर मांडशील. घडी बसली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, पण त्याला एक जुनी युक्ती आहे. शिशाचा थोडा अंश घाल. नीट घडी बसलेल्या यीस्टच्या फेनिलअ‍ॅलनीन टी-आरएनएला शिसं १७ व्या अक्षरानंतर नेमकं तोडतं, कारण तिथे शिशाचा आयन बसायला बरोबर खोबण तयार झालेली असते. घडी बिघडली की हा काप क्षीण होतो. हा नमुना दर नव्या तयारीबरोबर चालव. एक दिवस जातो, पण मी न चालवल्यामुळे माझा एक पावसाळा गेला आहे.

दुसरी फजिती सांगते, ती जास्त उपयोगाची आहे. यीस्टच्या केंद्रकात टी-आरएनएची सुमारे २७५ जनुकं आहेत आणि त्यातल्या साठेकांच्या मधोमध इंट्रॉनचा तुकडा घुसलेला असतो. तो कापून काढणाऱ्या कात्रीवर मी काम करत होते. एन्झाइम घातलं, तासभर ठेवलं, जेल चालवलं, पट्टी जिथल्या तिथे. एन्झाइम मेलं असं समजून मी तीनदा नव्याने शुद्ध केलं. प्रत्येक वेळी चार दिवस शीतगृहात उभी. मग काका आले आणि विचारलं, "युरिया किती?" मी युरिया घातलाच नव्हता. कापून झालं तरी टी-आरएनएची दोन अर्धुकं वरच्या देठात एकमेकांना जोड्यांनी धरून असतात. साध्या जेलमध्ये ती जोडीनेच फिरतात आणि न कापलेल्या रेणूसारखी दिसतात. आठ मोलर युरिया आणि भरण्याआधी नमुना गरम, एवढं केलं की अर्धुकं वेगळी, इंट्रॉन वेगळा, आणि एकच काप झालेला मधला तुकडाही दिसतो. तो मधला तुकडा टाकून देऊ नकोस. कात्रीचं कुठलं पातं बोथट आहे ते तोच सांगतो.

या कात्रीविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण काकांचं वाक्य मला इथे कळलं. तिचे चार भाग आहेत: सेन२, सेन३४, सेन५४ आणि सेन१५. पाती दोनच. इंट्रॉनच्या आधीचा काप सेन२ घेतं, नंतरचा सेन३४. उरलेले दोघे आधार देतात. माणसांत सेन५४ च्या भावंड-जनुकात बिघाड झाला तर लहान मेंदू आणि त्याच्या पुढचा सेतू यांची वाढ खुंटते, तेव्हा आधार देणाऱ्याला कमी लेखू नकोस. आता गंमत बघ. यीस्टच्या इंट्रॉनांची लांबी १४ अक्षरांपासून ६० पर्यंत, मजकूर प्रत्येकाचा वेगळा. कापायच्या जागी सगळीकडे सारखी अशी अक्षरं नाहीतच. मग कात्रीला कळतं कसं? एकच गोष्ट सगळीकडे सारखी आहे: इंट्रॉन नेहमी प्रतिसंकेतानंतर एक अक्षर सोडून, म्हणजे ३७ आणि ३८ यांच्या मध्ये बसलेला असतो. १९८८ मध्ये रेयेस आणि एबलसन यांनी कॅलिफोर्नियात प्रतिसंकेताच्या देठात एक जोडी जास्तीची घातली. देठ एका जोडीने लांबला, आणि बाहेर पडलेला इंट्रॉन दोन अक्षरांनी मोठा निघाला, दोन्ही टोकांना एकेक. कात्री कोपराला धरते आणि तिथून मापाने खाली येऊन कापते. देठ लांबवला तरी तिने आपलं माप सोडलं नाही.

हे वाचलं त्या दिवशी मी काकांना जाऊन सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाही खांद्यापासूनच मोजतात."

पण मोजपट्टीवर सगळा भार टाकू नकोस, तिथेही खाचखळगे आहेत. दुसऱ्या कापाच्या ठिकाणी प्रतिसंकेताच्या फासातलं एक अक्षर आणि इंट्रॉनमधलं एक अक्षर यांची जोडी जमावी लागते. ती मोडलीस तर माप बरोबर असूनही तो काप होत नाही. म्हणून तिथे अक्षर बदलशील तेव्हा एकाच म्युटंटवर थांबू नकोस. पहिल्या म्युटंटमध्ये जोडी मोड, दुसऱ्यात समोरचं अक्षर बदलून तीच जोडी वेगळ्या अक्षरांनी पुन्हा जुळव. काप परत आला तर जोडी महत्त्वाची होती, नाही आला तर अक्षर. हा नियम फक्त कात्रीपुरता नाही, पण इथे शिकलीस की अंगात भिनेल.

इंट्रॉन कापला जाण्याआधी कच्च्या टी-आरएनएची टोकं साफ होतात. पुढचा जादा भाग आरएनएज पी काढतं. हेही कोपर आणि वरचा देठ यांची लांबी चाचपून कापणारं, त्याला खालचं अर्धं अंग जवळजवळ नकोच असतं. यीस्टच्या केंद्रकातल्या या एन्झाइमात एक आरएनए आणि नऊ प्रथिनं असतात. मागचा जादा भाग मुख्यतः टीआरझेड१ कापतं, आणि मग सीसीए जोडणारं एन्झाइम येतं. यीस्टच्या टी-आरएनए जनुकांमध्ये शेवटची सीसीए ही तीन अक्षरं लिहिलेलीच नसतात. ती दरेक रेणूला, समोर नमुना न ठेवता, जोडावी लागतात. तू हा रेणू टी७ पॉलिमरेजने नळीत बनवणार असशील तर ती तीन अक्षरं साच्यात स्वतः घाल, आणि साचा बीएसटीएन१ ने कापून घे म्हणजे शेवट बरोबर सीसीए वर येतो. टी७ शेवटी एखादं जादा अक्षर चिकटवतं, त्याची सवय आहे. अक्षराच्या फरकाने दोन पट्ट्या दिसल्या की घाबरू नकोस, पण जेलमधून नेमकी बरोबर लांबीची पट्टी कापून घ्यायचा कंटाळा करू नकोस. आणि टी७ ला पहिलं अक्षर जी लागतं. ज्या टी-आरएनएचं पहिलं अक्षर दुसरंच आहे त्याच्यासाठी वेगळी वाट काढावी लागते, ती तुझ्या बाई सांगतीलच.

आता एक गोष्ट जी मी सगळ्या नव्या पोरांना सांगते आणि ती कोणी पहिल्यांदा ऐकत नाही. कापायचा माल साठून राहिला दिसला की कात्रीला दोष देऊ नकोस. माल कात्रीपर्यंत पोचला का ते आधी विचार. १९७८ मध्ये यीस्टचा एक म्युटंट फार गाजला. नाव आरएनए१, ३७ अंशांना नेलं की इंट्रॉनसकटचे कच्चे टी-आरएनए त्याच्या पोटात साचायचे. त्या साठ्यामुळेच तर पहिल्यांदा इंट्रॉनवाला कच्चा रेणू हाती लागला. वाटलं कापण्यात बिघाड आहे. पुढे कळलं की हे जनुक केंद्रकाच्या दारांतून होणारी ये-जा चालू ठेवणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. दार अडलं होतं. लॉस१ ची गोष्ट तशीच. १९८० मध्ये ते, थांब्याचा संकेत ओलांडून नेणारे दाबक (सप्रेसर) टी-आरएनए निकामी करणारा म्युटंट म्हणून सापडलं, कच्चा माल साठतो म्हणून त्याचं नाव कापण्याशी जोडलं गेलं, आणि १९९८ मध्ये दिसलं की ते टी-आरएनएला केंद्रकाबाहेर नेणारं वाहक आहे. सेन१ तर नावानेच फसवतं. कात्रीतला बिघाड शोधताना सापडलं म्हणून सेन, पण ते कात्रीच्या चौघांत नाही. ते आरएनएचे पीळ सोडवणारं एन्झाइम आहे आणि जनुकाची नक्कल योग्य जागी थांबवायला लागतं. यीस्टमधली नावं म्हणजे वाड्यातल्या खोल्यांची नावं. माजघर म्हणतात, आत सायकली असतात.

मग कात्री असते कुठे? आम्ही सगळे वर्षानुवर्षं केंद्रकात धरून चाललो होतो, कारण बेडकाच्या अंड्यांत ती केंद्रकातच सापडली होती. २००३ मध्ये जपानच्या योशिहिसा यांच्या गटाने दाखवलं की यीस्टमध्ये ती मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या अंगाला चिकटून बसलेली आहे. म्हणजे कच्चा टी-आरएनए टोकं साफ करून, सीसीए लावून, इंट्रॉनसकट केंद्रकाबाहेर येतो आणि तिथे कापला जातो. तेव्हा तुझ्या नॉर्दर्न ब्लॉटवर इंट्रॉनच्या प्रोबने दोन पट्ट्या दिसतील. वरची टोकं न कापलेली, खालची टोकं साफ झालेली पण इंट्रॉन शाबूत असलेली. खालची फुगली तर माल दारात किंवा दाराबाहेर अडला आहे. वरची फुगली तर टोकांची एन्झाइमं तपास. या दोन पट्ट्यांतला फरक डोळ्यांत बसेपर्यंत निष्कर्ष लिहू नकोस.

दाबक टी-आरएनए वापरून प्लेटवर बघायचं असेल तर एडीई२-१ चं लाल-पांढरं फार सोयीचं. टी-आरएनए चालला तर वसाहत पांढरी, अडला तर लाल. पण माध्यमात अ‍ॅडेनीन जास्त झालं की सगळ्याच पांढऱ्या दिसतात. अ‍ॅडेनीन कमी ठेव, तीन-चार दिवस वाढू दे, आणि शेवटच्या रात्री प्लेट फ्रिजमध्ये ठेव, रंग गडद होतो. गुलाबी वसाहतीला "जवळजवळ लाल" म्हणायचा मोह होतो. म्हणू नकोस, नुसतं गुलाबी लिहून ठेव.

जोडणीकडे लोकांचं लक्ष कमी असतं, आणि खरं तर तीच सगळ्यात विचित्र आहे. कापल्यावर एका अर्धुकाच्या शेवटी चक्राकार फॉस्फेट राहतो आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला नुसता हायड्रॉक्सिल. टीआरएल१ हे एकच प्रथिन तीन कामं करतं: चक्र उघडतं, दुसऱ्या अर्धुकाला फॉस्फेट लावतं आणि शिवतं. फॉस्फेट लावायला त्याला जीटीपी लागतो, शिवायला एटीपी. बफरमध्ये एटीपी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. जीटीपी विसरलीस तर काम रखडतं, आणि पुन्हा आपण एन्झाइम मेलं म्हणून शुद्ध करत बसतो. शिवून झाल्यावर सांध्यावर दोन-प्राइम जागी एक जास्तीचा फॉस्फेट उरतो, जसा शिवणीत टाचणीचा धागा राहावा. तो टीपीटी१ काढतं, आणि त्यासाठी एनएडी खर्च करतं. एनएडी म्हटलं की श्वसन आठवतं ना? इथे तो चक्क एका फॉस्फेटच्या विल्हेवाटीसाठी जातो. नळीत एनएडी नसेल तर तुझा शिवलेला टी-आरएनए जरा जास्त फॉस्फेट बाळगून बसेल आणि पुढच्या प्रयोगात वेडंवाकडं वागेल. आणि हे लक्षात ठेव, माणसांत ही शिवण वेगळीच आहे. तिथे आरटीसीबी नावाचं एन्झाइम कापलेल्या टोकांना सरळ जोडून टाकतं. यीस्टमध्ये दिसलं ते माणसात असणारच, असं परिसंवादात उठून म्हणू नकोस. मी म्हटलं होतं.

टीआरएल१ अजून एक शिवण करतं. पेशीत प्रथिनं नीट घडी न बसता तुंबली की एचएसी१ चा संदेश-आरएनए कापला जातो आणि तोही टीआरएल१ च शिवतं. म्हणून टीआरएल१ मोडलेल्या यीस्टमध्ये काहीही बिघडलं तर टी-आरएनएमुळेच, असं मानता येत नाही. तिथे दोन कंट्रोल लागतात. एकाने भागवू नकोस.

आता अंगावरच्या खुणा. यीस्टच्या पेशीद्रवातल्या टी-आरएनएवर पंचवीसेक प्रकारचे रासायनिक बदल सापडतात आणि एकेका रेणूवर सरासरी डझनभर. नळीत टी७ ने बनवलेल्या रेणूवर यातलं एकही नसतं. तो दिसायला सारखा, पण लवकर सैल होणारा, विशेषतः मॅग्नेशियम कमी असेल तेव्हा. म्हणून पेशीतून काढलेला आणि नळीत बनवलेला असे दोन्ही शेजारी चालव. पेशीत हे बदल रेणूला किती तगवतात ते २००६ मध्ये फिझिकींच्या गटाने दाखवलं. टीआरएम८ आणि टीआरएम४ ही बदल करणारी दोन्ही जनुकं काढून टाकलेलं यीस्ट ३७ अंशांना नेलं की एक व्हॅलीन टी-आरएनए, जो एरवी कित्येक तास टिकतो, संदेश-आरएनएच्या वेगाने नाहीसा होतो. एकेकटं जनुक काढलं तर विशेष काही दिसत नाही. यावरून काका म्हणायचे, एका गुंडीने सदरा उघडा पडत नाही.

या बदलांना क्रम असतो. काही एन्झाइमांना इंट्रॉन असतानाच धरायला जमतं. ल्यूसीन टी-आरएनएच्या प्रतिसंकेताच्या पहिल्या अक्षरावर टीआरएम४ मिथाइल लावतं ते इंट्रॉन जागेवर असेपर्यंतच. टायरोसीनमधल्या ३५ व्या अक्षराचा स्यूडोयुरिडीनही तसाच. इंट्रॉन निरुपयोगी कचरा असं कोणी शिकवलं असेल तर इथे थांबून विचार कर. उलट फेनिलअ‍ॅलनीनच्या ३७ व्या अक्षरावर टीआरएम५ मिथाइल लावतं ते इंट्रॉन गेल्यावर. आणि टीआरएम५ असतं केंद्रकात! म्हणजे हा टी-आरएनए बाहेर येऊन कापला-शिवला जातो, पुन्हा केंद्रकात जातो, मिथाइल लावून घेतो, पुन्हा बाहेर येतो आणि मग त्या अक्षराचं वायब्युटोसीन पूर्ण होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सरकारी कचेरीतला अर्ज आठवला. वायब्युटोसीनचा एक फायदा मात्र आहे: ते तेलकट आणि आपणहून चमकणारं असतं. त्यामुळे बीडी-सेल्युलोजच्या स्तंभातून फेनिलअ‍ॅलनीन टी-आरएनए सगळ्यांच्या मागून, अल्कोहोल घातल्यावर निघतो. पहिल्यांदा शुद्धीकरण शिकायचं असेल तर यापेक्षा समजूतदार रेणू नाही.

बदल शोधताना प्राइमर एक्स्टेन्शन करशील. काही मिथाइलं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला जागीच अडवतात. पट्टी दिसली म्हणजे तिथे बदल आहे असं नाही, तिथे आरएनए तुटलेलाही असू शकतो. तो बदल करणारं एन्झाइम नसलेल्या म्युटंटचा नमुना शेजारच्या रकान्यात हवाच. रकाना वाचवू नकोस, अ‍ॅक्रिलामाइड स्वस्त आहे.

अक्षरं वाचणारी एन्झाइमं म्हणजे अमिनो आम्ल चढवणारी. यीस्टच्या फेनिलअ‍ॅलनीनचं एन्झाइम १९८९ मध्ये उलेनबेकच्या गटाने चाचपलं तेव्हा पाचच अक्षरं महत्त्वाची निघाली: प्रतिसंकेताची तीन, बाजूच्या डी फासातलं विसावं आणि सीसीएच्या आधीचं ७३ वं. ही पाच अक्षरं दुसऱ्या टी-आरएनएवर बसवली की तो फेनिलअ‍ॅलनीन घेऊ लागतो. पण घडी बिघडलेल्या रेणूवर तीच पाच असली तरी हे एन्झाइम त्याच्याकडे फिरकत नाही. हिस्टिडीनचा टी-आरएनए त्याहून नवलाचा. त्याच्या सुरुवातीला एक जास्तीचं जी लागतं, ते जनुकात लिहिलेलं नसतं. टीएचजी१ ते पुढच्या टोकाला, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने जोडतं, आणि हा हिस्टिडीनचाच आहे हे ओळखतं खाली प्रतिसंकेत वाचून. ७५ अँगस्ट्रॉम दूर असलेलं एक टोक वाचून दुसऱ्या टोकाला काम.

अमिनो आम्ल चढणं मोजताना एक चूक सगळे करतात. किती रेणूंवर अमिनो आम्ल चढलं एवढंच बघतात. एन्झाइम भरपूर ओतलं की चुकीच्या टी-आरएनएवरही शेवटी चढतंच. वेग मोज, तोही थोड्या एन्झाइमात, सुरुवातीच्या मिनिटांत. आणि चढलेलं अमिनो आम्ल अल्कलीत गळून पडतं. नमुने आम्लधर्मी अ‍ॅसिटेट बफरमध्ये, बर्फात, आणि जेलही आम्लच. ट्रिसच्या जेलमध्ये चालवशील तर अर्धं काम पाण्यात.

आता स्वच्छतेचं, थोडक्यात. आरएनएज ए उकळून मरत नाही. ते तुझ्या बोटांवरून येतं, पण त्याहून जास्त मिनिप्रेपच्या किटमधून येतं, कारण तिथे ते मुद्दाम घातलेलं असतं. साचा मिनिप्रेपने काढलास तर फिनॉलने धू. मिनिप्रेपची पिपेटं आणि आरएनएची पिपेटं वेगळी ठेव, लाल चिकटपट्टी लाव. डीईपीसी पाण्यात घाल, ट्रिसमध्ये नको. ट्रिसचे अमाइन त्याला खाऊन टाकतात. पाणी ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय वापरू नकोस, उरलेलं डीईपीसी तुझ्याच आरएनएच्या अ‍ॅडेनीनला चिकटतं.

आरएनए तळाशी बसवायला सगळे "यीस्ट टी-आरएनए" टाकतात ना, बाटलीतला? तो वाहक म्हणून टाकायचा असतो आणि तुझ्या प्रयोगात तो विष आहे. तुझं एन्झाइम यीस्टच्या टी-आरएनएलाच धरतं, आणि तू त्याच्यासमोर हजार पटींनी तोच माल ओतशील. ग्लायकोजेन वापर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आठ महिन्यांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली.

पेशीतून टी-आरएनए काढायला यीस्ट फोडू नकोस. अख्ख्या पेशी फिनॉलमध्ये हलव. लहान आरएनए भिंतीतून बाहेर येतात, मोठे आणि डीएनए बहुतांश आतच राहतात. कॉर्नेलमध्ये रॉबर्ट हॉली यांनी असंच केलं. १४० किलो बेकरी यीस्ट, आणि त्यातून १ ग्रॅम शुद्ध अ‍ॅलनीन टी-आरएनए, तेही काही वर्षांच्या खटपटीने. १९६५ मध्ये त्याची अक्षरं वाचून झाली, न्यूक्लिइक आम्लाचा असा पूर्ण वाचलेला पहिला रेणू, आणि १९६८ चं नोबेल त्यांना नीरेनबर्ग आणि आपल्या हरगोविंद खुराना यांच्याबरोबर मिळालं. खुरानांनी पुढे त्याच यीस्टच्या अ‍ॅलनीन टी-आरएनएचं जनुक विस्कॉन्सिनमध्ये हाताने बनवलं. तुला १४० किलो लागणार नाहीत, लिटरभर पुरेल. पण पेशी मधल्या वाढीत असताना काढ, रात्रभर राहून थकलेल्या नकोत, थकलेल्या यीस्टमध्ये टी-आरएनए बनवण्याचा वेगच घसरलेला असतो.

रविवारी फोन कर. इथे रात्र असेल तेव्हा तुझ्याकडे सकाळ. ३० अंशांना यीस्ट दीडेक तासात दुप्पट होतं, तेव्हा आदल्या रात्री टाकलेलं असेल तर आधी ओडी घे, मग फोन.